भागीचा पाय अजून पाण्यातच

सुमाताई,

तुझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण कुठे आहे, हे विचारायला तुझे प्रकाशक पुण्याहून आले होते. तुझ्या तेराव्याच्या जेवणाला बसले, आमटीभात पोटभर जेवले, हात धुतले आणि मग ओसरीवर मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, नाही म्हणजे सापडत नाही, की लिहिलंच नाही? मी म्हणालो, लिहिलं नाही. लिहायचं होतं, पण वेळ संपली होती.

वेळ कोणी संपवली, हे त्यांनी विचारलं नाही. तुला आणि मला ते माहीत आहे, म्हणून हे तुलाच लिहितो आहे.

तू माझी चुलतबहीण. काळू नदीकाठच्या एकाच घरात आपण वाढलो. तू पुढे मुरबाडच्या शाळेत शिक्षिका झालीस, मी भातसानगरला धरणावर लागलो आणि शहापुरात घर बांधलं. तू चार कादंबऱ्या लिहिल्यास. मी रोज धरणाच्या पाण्याची पातळी लिहितो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला 'बाळू' म्हणणारं तुझ्यानंतर आता कोणी राहिलं नाही. ऑफिसात मला साहेब म्हणतात, ते मला अजून दुसऱ्याच कोणाला म्हटल्यासारखं वाटतं.

तुझ्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित तू मला वाचायला दिलंस तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. साहित्यातलं मला काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण तुझ्या नायिकेला होळीनंतर दिवस गेले होते आणि ती बाळंत झाली पुढच्या महाशिवरात्रीला. मी विचारलं, "ताई, ही बाई आहे का हत्तीण?" तू आधी चिडलीस, मग बोटांवर महिने मोजलेस आणि इतकी हसलीस की काकू आतून बघायला आली. त्या दिवसापासून तुझ्या पुस्तकांतली वयं, सण, चांदण्या रात्री आणि पिकांचे दिवस तपासायचं काम माझ्याकडे आलं.

सगळं तू ऐकलं नाहीस. तिसऱ्या पुस्तकात एक बैलगाडी सकाळी मुरबाडहून निघते आणि किन्हवलीच्या रस्त्यानं दुपारच्या जेवणाला शहापुरात पोचते. मी म्हणालो, हे शक्य नाही, मध्ये चढ आहेत, बैलांना पाणी पाजावं लागतं, दिवस मावळेल. तू म्हणालीस, "आतल्या बाईचा पोरगा आजारी हाय. बैल पळतात." मी म्हणालो, बैलांना काय माहीत पोरगा आजारी आहे? तू म्हणालीस, "वाचणाऱ्याला माहीत हाय ना. बास झालं." ती गाडी अजून दुपारीच पोचते. ते पान आलं की मला आजही खटकतं.

या वर्षी पौषात तू म्हसा गावच्या जत्रेहून एक घोंगडी घेऊन आलीस आणि त्याच आठवड्यात तुला झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, आणि शब्द जागचे हलले. कल्याणच्या दवाखान्यात तू नर्सला सांगत होतीस, "मला खिडकी प्यायचीय." तुला चहा हवा होता. तुला स्वतःला ते ऐकू येत होतं, ते तुझ्या डोळ्यांत दिसत होतं. मुरबाडला तू एकटी राहायचीस, म्हणून आम्ही तुला शहापूरला घेऊन आलो. तुझ्या भावजयीनं, सुनंदानं, पुढची खोली रिकामी केली. तुझी पुस्तकं आणायला मी टेम्पो नेला तर शेजारचे म्हणाले, बाई आजारी हायत का बिऱ्हाड हलवतायत?

वाचण्याच्या तुझ्या सवयी मला लहानपणापासून माहीत होत्या. तू एका वेळी तीन पुस्तकं वाचायचीस. पान दुमडलेलं तुला चालायचं नाही, खुणेला एसटीचं तिकीट घालायचीस. आणि कोणतंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचायचीस. मी एकदा विचारलं होतं की मग मजा काय राहिली. तू म्हणालीस, "शेवट कळला की माणूस निवांत वाचतो. नायतर नुसता धावतो." पण स्वतःच्या पुस्तकाचा शेवट मात्र लिहून होईपर्यंत तू कधी कोणाला सांगितला नाहीस. सांगितला की तो मरतो, असं तुझं म्हणणं.

झटक्यानंतर अक्षरं ओळखू येत होती, पण ओळ संपली की नजर खालच्या ओळीऐवजी भलतीकडेच उतरायची. चौथीचं मराठीचं पुस्तक तू आयुष्यभर शिकवलंस, आणि त्याच पुस्तकातल्या पहिल्या धड्यावर तू रडलीस. मी घरातली एक जाड लग्नपत्रिका घेतली आणि ब्लेडनं तिच्यात एका ओळीएवढी आडवी खिडकी कापली. ती पत्रिका पानावर ठेवली की एकच ओळ दिसायची, वरचं आणि खालचं सगळं झाकलेलं. ओळ वाचून झाली की पत्रिका खाली सरकवायची. तू ती हातात फिरवून बघितलीस, कोणाच्या लग्नाची आहे ते आधी वाचलंस, आणि म्हणालीस, "यांचा संसार तरी कामाला आला."

त्या खिडकीतून तू काय काय वाचलंस. तांदळाच्या पिशवीवरचा मजकूर, गोळ्यांच्या पाकिटातला बारीक कागद, एसटीचं वेळापत्रक, मग चौथीचं पुस्तक, मग पाचवीचं. चैत्र संपेपर्यंत तू कादंबरीवर आलीस. दोन ओळी एकदम दिसतील अशी मोठी खिडकी मी कापून दिली, पण तुला ती आवडली नाही. म्हणालीस, एकच बरी, पुढचं दिसत नाय. शेवट आधी वाचणारी तू हे बोललीस याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

आजार यायच्या आधी तू भागीची कादंबरी लिहायला घेतली होतीस आणि ती अर्ध्यावर होती. भागीचं माहेर काळूच्या अलीकडे, सासर पलीकडे. भावानं तिला भाऊबीजेला बोलावणं बंद केलेलं, कारण वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडीवर तिनं अंगठा दिला नाही. वर्षं जातात. भाऊ म्हातारा होतो, आजारी पडतो आणि निरोप धाडतो. निरोप मिळतो तेव्हा श्रावण असतो आणि नदी भरलेली असते. इथपर्यंतचं तू सांगितलं होतंस. ती जाते का नाही, ते सांगत नव्हतीस.

वैशाखात तू हातात पेन मागितलंस. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लिहू द्या, पण दिवसाला अर्धा तास, वर नाही, डोक्यावर ताण नको. पुढे बघून हळूहळू वाढवू.

मला ठरवून दिलेली मर्यादा पाळता येते. नोकरीच ती आहे. साडेचार ते पाच अशी वेळ ठरली. मी घरी असेन-नसेन, म्हणून माझा जुना मोबाइल तुझ्या टेबलावर ठेवला आणि त्यात पाचचा गजर लावला. गजर झाला की पडद्यावर दोन खुणा यायच्या, 'बंद करा' आणि 'पुन्हा वाजवा'. दुसरी दाबली तर तो दहा मिनिटांनी परत वाजतो. पहिल्याच दिवशी तू ते बघितलंस. "बाळू, यात पुन्हा वाजवा असं पण येतं रे." मी म्हणालो, येतं, पण ते आपल्यासाठी नाही.

आधी डाव्या हातानं लिहिलंस. मग जेवण उजव्या हातानं जमू लागलं, मग पेन. अक्षर एवढं मोठं की जुन्या एका पानाचा मजकूर नव्या तीन पानांवर जायचा. संध्याकाळी मी कामावरून आलो की तू विचारायचीस, "आज धरण किती?" मी पातळी सांगायचो. मग मी विचारायचो, "आज पानं किती?" एकदा मी मोठ्या अक्षरातली पानं जुन्या पानांत बदलून तुला सांगितलं की प्रत्यक्षात तुझं पाऊणच पान झालंय. तू म्हणालीस, "पानं मोजू नको रे. भागी कुठवर आली ते विचार." तेव्हापासून मी तसं विचारू लागलो. भागीनं घर सोडलं. भागी खाचरांच्या बांधावरनं चाललीय. भागीला वाटेत जाऊबाईची भाची भेटली, तिला टाळायला ती आडवाटेनं गेली. माझ्या घरी चहाच्या वेळी भागी रोज थोडी पुढे सरकायची. सुनंदा तर भाकऱ्या करताना विचारायची, "वन्सं, आज पोचली का वो ती?"

तुझा रक्तदाब ताळ्यावर आला. गोळ्या कमी झाल्या. आषाढात तू काठी टाकलीस आणि लावणी बघायला बांधापर्यंत आलीस. तुझ्या वाचेतही एखादाच शब्द अडकायचा. तपासणीला गेलो तर डॉक्टर खूश. म्हणाले, हवं तर आता थोडं वाढवा, घाई मात्र नको. येताना गाडीत तू म्हणालीस, "ऐकलंस ना?" मी म्हणालो, ऐकलं, पण हा पावसाळा जाऊ दे. पुढची तपासणी दिवाळीच्या आधी आहे, तोवर नीट राहिलीस तर एकदम तास करू.

तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. मग म्हणालीस, "तुझ्या धरणासारखं चाललंय तुझं. पाणी राखून राखून ठेवतोस, ते जातं मुंबईला. आणि धरणाखालच्या पाड्यावर मे महिन्यात बायका टँकरची वाट बघतात. राखलेलं कोणाच्या कामी येतं रे?"

मी म्हणालो, राखलं नाही तर कोणालाच मिळत नाही.

"ते पण खरं," तू म्हणालीस. वाद तिथंच राहिला. आपले बरेच वाद असेच राहिले, आणि मला त्याची काळजी वाटायची नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता यायचे.

मी धरणावर आयुष्य काढलं, ताई. माझं सगळं गणित असं आहे की जे आज सोडलं नाही ते उद्या असतं. थोडं उन्हानं उडतं, थोडं जमिनीत मुरतं, तेही मोजता येतं. बाकीचं असतंच. तुझी ती अर्ध्या अर्ध्या तासाच्या पुढची वेळ मी अशीच धरून चाललो होतो, की ती कुठेतरी साठते आहे आणि दिवाळीनंतर मी दार उघडीन.

मग तो दिवस. श्रावण संपत आला होता, माझी सकाळची पाळी, मी घरीच होतो. तू साडेचारला बसलीस ती मान वर न करता. तुझं पेन कागदावर चाललेलं मला बाहेर ओसरीवर ऐकू येत होतं, आजारानंतर ते इतकं जोरात कधी चाललं नव्हतं. गजर वाजला. मी आत आलो.

"दहा मिनिटं दे रे."

"ताई, पाच वाजले."

"भागी पाण्यात पाय घालतेय."

"उद्या घालू दे."

"उद्या पाणी ओसरंल."

मी हसलो. मला तो विनोद वाटला. तुझं नाकही लाल दिसत होतं, कपाळावर घाम होता. मी 'बंद करा' दाबलं आणि हात पुढे केला. तू पेन माझ्या हातात दिलंस. त्याचं टोपण कुठे गेलं ते आपण दोघं शोधत बसलो, त्यात पाचेक मिनिटं गेली. तेवढ्यात तू चार ओळी लिहिल्या असत्यास, हे मला आता सुचतं.

दुसऱ्या दिवशी तू वेळेवर बसलीस. पेन उघडलं, कालचं पान समोर ठेवलं. अर्धा तास मला पेन ऐकू आलं नाही. गजर झाल्यावर मी आत आलो तर कागद कोरा. तू चिडलेली नव्हतीस. चिडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू म्हणालीस, "आज तुझा अर्धा तास वाचला. ठेव धरणात."

मी विचारलं, आलं नाही का काही? तू म्हणालीस, "गेलं रे. येल परत. नदीच हाय, पाणी येतं परत." आणि चहा मागितलास. नीट 'चहा' म्हणालीस.

त्यानंतरचे दिवसही तसेच गेले. तू बसायचीस, पत्रिकेची खिडकी लावून मागची पानं वाचायचीस, नवं काही नाही. भाद्रपद लागला. मला वाटलं, गणपती उरकले की सुचेल. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठली नाहीस. दुसरा झटका. डॉक्टर म्हणाले, हा कशानंही आला असता, आणि तुम्ही इतकी काळजी घेतलीत म्हणून त्यांना हे आठ महिने मिळाले. ते भल्या मनानं बोलले. मी ते दोन्ही बाजूंनी मांडून बघितलं. तो अर्धा तास पाळला नसता तर कदाचित तू आषाढातच गेली असतीस आणि भागी बांधावरच राहिली असती. पाळला, म्हणून ती नदीपर्यंत आली. पाळला, म्हणून ती नदीपाशीच राहिली. यातलं कुठलंही मला खोडता येत नाही. माझ्या हातून आयुष्यात एवढं साधं गणित कधी अडलं नव्हतं.

या आठ महिन्यांबद्दल मला काहीच मिळालं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. लहानपणानंतर आपण दोघं एका घरात इतके दिवस कधी राहिलो होतो? तू सुनंदाला पुस्तकं वाचायला लावलीस. ती आता दुपारी भांडी तशीच ठेवून वाचते आणि मला म्हणते, वन्संनी सांगितलंय. तू पुन्हा वाचायला शिकताना मी तुझ्या शेजारी बसलो होतो. एका मोठ्या बाईच्या तोंडून अक्षरं पहिल्यांदा जुळताना ऐकणं, हे किती जणांच्या वाट्याला येतं? हे मला तुला सांगायचं होतं. सांगण्यासारखं काय त्यात, म्हणून राहिलं.

प्रकाशकांना मी 'लिहिलं नाही' म्हटल्यावर ते माझ्याजवळ सरकले. मग म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं त्यांची पुस्तकं तपासलीत. त्यांच्या मनात काय होतं ते तुम्हालाच ठाऊक असणार. चार पानं लिहा. आम्ही भाषा नीट करून घेऊ. भागी भावाकडे पोचते, एवढंच पाहिजे."

खरं सांगतो, मला मोह झाला. भागीनं जावं असं मला पहिल्यापासून वाटत होतं. त्यावर आपला वाद झालाच होता. मी म्हणालो होतो, भाऊ वाट बघतोय, तिनं जायला हवं. तू म्हणाली होतीस, "भाऊ वाट बघतो म्हणून बहीण निघते, असं तुला वाटतं होय? तिनं अंगठा दिला नाय तेव्हा तो कुठं वाट बघत होता?" मी म्हणालो, मग ती निघालीच कशाला? तू हसलीस आणि म्हणालीस, "तेच तर लिहितेय."

म्हणजे मला ठाऊक नाही. मला जे वाटतं ते माझं आहे. आणि मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. लावणीनंतर खाचरात जिथं रोप मरतं तिथं आपण नांग्या भरतो, पण ज्या राबात ते रोप वाढलं त्याच राबातली, राखून ठेवलेली रोपं लावून. दुसऱ्याच्या राबातलं रोप आणून लावलं तर ते कापणीपर्यंत वेगळं दिसतं, कधी आधी पिकतं, कधी मागे राहतं. बांधावरून कोणीही ओळखतो.

मी प्रकाशकांना हे समजावत होतो तेवढ्यात सुनंदा सुपारी घेऊन बाहेर आली. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "वन्सं दुसऱ्यांची पुस्तकं शेवटापासनं वाचायच्या. त्यांच्या पुस्तकाला शेवट नाय तर लोकांना पहिल्यापासनं वाचावं लागंल. काय वाईट हाय त्यात?"

प्रकाशकांनी सुपारी घेतली. जाताना म्हणाले, असंच छापू. मी त्यांच्याकडून एकच कबूल करून घेतलं, की शेवटच्या ओळीनंतर 'अपूर्ण' असं छापायचं नाही. तू पेन खाली ठेवलं नव्हतंस. ते मी घेतलं होतं.

भात पोटरीला आलंय, ताई. धरण काठोकाठ आहे. संध्याकाळी घरी आलो की मी पातळी सांगायला तोंड उघडतो आणि मग हातपाय धुवायला जातो.

मोबाइल अजून तुझ्या टेबलावर आहे. रोज पाचला वाजतो. सुनंदा दोनतीनदा म्हणाली, आता तरी काढा तो गजर. काल तो वाजला तेव्हा मी आत गेलो. सवयीनं अंगठा 'बंद करा'वर गेला. मग तो उचलला आणि मी 'पुन्हा वाजवा' दाबलं.

तुझं शेवटचं पान काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्या लग्नपत्रिकेची खिडकी शेवटच्या ओळीवर धरून तुझ्या खुर्चीत बसलो. दहा मिनिटं काहीच केलं नाही. खिडकीत एकच ओळ होती, भागीनं लुगडं वर धरून पाय पाण्यात घातलेला. खालचा सगळा कागद पत्रिकेखाली झाकलेला होता. पुढे काही लिहिलेलं आहे की नाही, ते तिथून कळत नव्हतं.